सोंगामागचं नाव

चहाचा ग्लास ओठाला लागायच्या आत मोहिनीला ते वाक्य दिसलं. रविवारची पुरवणी, पहिलं पान, वर ठसठशीत मथळा, ‘बोहाडा : डोंगरातली मुखवट्यांची रंगभूमी’. खाली पुरवणीचे संपादक गायधनी यांचं नाव आणि हनुवटीखाली मूठ धरलेला त्यांचा तो कायमचा फोटो. मधल्या कॉलमात लिहिलं होतं : ‘एका वर्षी नरसिंहाचं सोंग चक्क एका बाईने नाचवलं. पायातले चांदीचे वाळे निघेनात, तेव्हा त्यांचा आवाज होऊ नये म्हणून तिने त्यांना लुगड्याच्या चिंध्या बांधल्या.’ मोहिनीने ग्लास खाली ठेवला. ‘चक्क’ सोडलं तर सगळं तिचं होतं. चिंध्यांची गोष्ट जगात ठाऊक होती ती तिच्या आत्याला, कुसाबाईला, जिने त्या बांधल्या, आणि मोहिनीला, जिने लहानपणी घरामागे उकिडवं बसून ते बघितलं. आणि हो, नेटवरच्या ज्ञानकोशाला, कारण होळीच्या सुमाराला मोहिनीनेच ते तिथे लिहून ठेवलं होतं. म्हणजे गायधनींना डोंगर दिसला तो संगणकाच्या पडद्यावर! उंटावरून शेळ्या हाकतात म्हणतात, इथे तर उंटसुद्धा दुसऱ्याचा. तिला हसू येणार होतं, तेवढ्यात तिने पुढचं वाक्य वाचलं. ‘भोळ्याभाबड्या गावकऱ्यांच्या ही गोष्ट अखेरपर्यंत लक्षातच आली नाही.’ हे मात्र तिचं नव्हतं. हे गायधनींनी स्वतःच्या डोक्यातून काढलं होतं.

खाली द्वारका चौकात ट्रक अडकले होते आणि सगळे मिळून हॉर्न वाजवत होते. एरवी तिला ते ऐकू येत नसे. आज प्रत्येक हॉर्न सरळ कानात शिरत होता. समोर पेपरची पानं लावणारा रोहित संगणकावर पत्ते खेळत बसला होता. सोमवारी सकाळी डेस्कवर दुसरं कोण असणार? “काय गं, रडतेस का?” त्याने विचारलं. “चहा गरम आहे,” ती म्हणाली. भोळेभाबडे. हा शब्द तिला शाळेपासून ओळखीचा. पेठच्या आश्रमशाळेत भाषण करायला आलेले पाहुणे हाच शब्द वापरायचे, डोक्यावर हात फिरवून. कॉलेजात आल्यावर ग्रंथालयातल्या एका जुन्या गोऱ्या साहेबाच्या जाडजूड पुस्तकात तिच्या डोंगरातल्या लोकांवर जेमतेम अर्धं पान सापडलं. आळशी, भित्रे, दारूचे शौकीन, पण भोळे. तिने पेन्सिलीने बाजूला ‘खोटं’ लिहिलं तर ग्रंथपाल केवढे खवळले! पुस्तकात खोटं छापलेलं चालतं, पण पुस्तकावर खरं लिहिलेलं चालत नाही, हे तिला त्या दिवशी कळलं. साहेब कधीचा मेला, पण त्याच्या अर्ध्या पानावर तीन जण पीएच.डी. झाले होते.

आणि याच सोंगावरचा लेख तिने दिवाळीत गायधनींना दिला होता! स्वतःच्या अक्षरात, रात्रीचे टेंभे, संबळ, पिपाणी घालून. गायधनी वाईट माणूस नव्हता, हीच पंचाईत होती. नाकाने कांदे सोलायचा, पण रागवायचा नाही. त्याने लेख पूर्ण वाचला, चष्मा काढला. “सुंदर आहे. पण हे तुला सांगितलं कुणी?” “मी बघितलंय सर. ती माझी आत्या आहे.” “तू केवढी होतीस तेव्हा?” “पाचेक वर्षांची.” “बरं. छापील काही?” छापील काही, हे त्याने इतक्या मायेने विचारलं की तिला स्वतःचीच लाज वाटली. तिच्या गावात, करंजपाड्यात, छापील काय असणार? रेशनकार्ड, एसटीचं तिकीट आणि बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव. “आत्याच्या सांगण्यावर पुरवणी निघत नाही गं,” तो म्हणाला, “संदर्भ आण, छापू.” ती ‘हो सर’ म्हणाली आणि जागेवर येऊन दुसऱ्या दिवशीच्या चौकटी भरत बसली. चौकटी म्हणजे पानात राहिलेल्या रिकाम्या जागा. जिराफाची मान, जगातलं सर्वांत खोल सरोवर, आजचा दिनविशेष. हे सगळं ती नेटवरच्या ज्ञानकोशातून उचलायची, रोज, डोळे मिटून. ते तिथे कुणी लिहिलं, त्याने सरोवर बघितलंय का, असलं तिच्या मनात कधी आलं नाही. नेटवर आहे म्हणजे आहे. अख्खं ऑफिस असंच चालत होतं, आणि शहरातली अर्धी कॉलेजंही.

मग एका सुट्टीच्या दिवशी चौकातल्या सायबर कॅफेत बसलेली असताना तिचं लक्ष ज्ञानकोशाच्या पानाच्या डोक्यावरच्या बारीक शब्दाकडे गेलं. ‘संपादन’. कुणीही लिहू शकतं, असं तिथे म्हटलं होतं. तिला आधी वाटलं, थट्टा असेल. जिराफाच्या पानावर तिने एक स्वल्पविराम टाकून पाहिला, तर तो राहिला की! जगाच्या पानावर तिचा स्वल्पविराम. ग्रंथपाल आला नाही, कुणी खेकसलं नाही. दिवे गेले, कॅफेवाल्याने इन्व्हर्टर लावला, पंखा बंद झाला, घाम मानेवरून पाठीत उतरला आणि मोहिनी टंकत राहिली. बोहाड्याचं पान तिथे दोन ओळींचं होतं. तिने ते वाढवलं. नाव विचारलं तेव्हा तिने ‘सोंग’ असं टाकलं, कारण स्वतःचं नाव टाकायची हिंमत झाली नाही. हिंमत नाही असं तरी का म्हणा, रीतच तशी होती. करंजपाड्यात सोंग चढलं की त्यामागे कोण हे कुणी विचारत नाही आणि ठाऊक असलं तरी नाव घेत नाही. नाव घेतलं की देव निघून जातो, उरतं ते रंगवलेलं लाकूड. पहाट झाली, मुखवटा उतरला, की मग नाचणारा तोंड धुऊन देवळासमोर येतो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं सांगतो : घर अमक्याचं, सोंग तमक्याचं, नाव माझं. याला उतरवणी म्हणतात. रात्र देवाची, पण पहाट माणसाची. हे सगळं तिने चिंध्यांसकट लिहिलं आणि शेवटी लिहिलं, ‘करंजपाड्यात एका वर्षी नरसिंहाचं सोंग कुसाबाई भोये यांनी नाचवलं आणि गावाने ते मानलं.’ कुणीतरी त्याच्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी शेपटी लावली. तिथेही छापील काही! पण वाक्य राहिलं, आणि तिला किती दिवस नुसतं ते पान उघडून बघायलाही बरं वाटायचं.

ती रात्र तिच्या अंगात अजून जशीच्या तशी होती. शहाऐंशी की सत्त्याऐंशी साल. त्या वर्षी तिचे वडील, हिरामण, मोहाच्या झाडावरून पडले आणि त्यांचा पाय मोडला. नरसिंहाचं सोंग भोयेच्या घरचं. एखाद्या घराचं सोंग एका वर्षी उभं राहिलं नाही, तर मान दुसऱ्या घराकडे जातो. मोठं माणूस म्हणून घरात उरली ती कुसाबाई, हिरामणची बहीण. नवऱ्याने हात उगारला त्याच दिवशी टोपलीत भाकरी बांधून माहेरी निघून आलेली, आणि ‘परत जा’ म्हणणाऱ्यांना ‘तूच जा की नांदायला’ म्हणणारी. मोहिनीची ती फुई. शहरात आत्या म्हणायचं, घरात फुई. दुपारी फुई घरामागे बसून वाळ्यांना चिंध्या गुंडाळत होती. मोहिनीने विचारलं, “पाय दुखतो?” फुई म्हणाली, “गप.” मग रात्री टेंभ्यांचा धूर, राळेचा भपकारा, पिपाणी, आणि पडद्याआडून नरसिंह आला, जिभेचा, आयाळीचा, भलामोठा. बायका मागे सरल्या. मोहिनी वडिलांच्या धड मांडीवर होती. तिने मुखवट्याकडे बघितलंच नाही. तिने पाय बघितले, आणि पायांवरच्या त्या हिरव्या चिंध्या. आनंदाने ओरडायला तिने तोंड उघडलं, “फु—” आणि वडिलांचा तळवा तोंडावर बसला. चुन्याचा, तंबाखूचा वास. दात ओठात रुतले. तळवा बराच वेळ हलला नाही. ती तशीच, श्वास नाकातून ओढत, फुई नाचताना बघत राहिली आणि तिथेच कधीतरी झोपली. सकाळी वडिलांनी तिला गूळ दिला. काही वर्षांनी तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “गावानं मानली तिला. लय मानली.” वडील जाऊन आता दोन पावसाळे झाले होते.

गायधनी जेवणानंतर आला तेव्हा ती पुरवणी घेऊन त्याच्या केबिनमध्ये गेली. “सर, हे कुठून घेतलं?” “नेटवरच्या ज्ञानकोशातून. बघ, मी म्हणत होतो ना, संदर्भ मिळाला की छापू? मिळाला.” त्याला खरोखर आनंद झाला होता. “तो मी लिहिलाय, सर.” गायधनीने चष्मा काढला. “तिथे नाव काय आहे?” “सोंग.” तो हसला, मोकळेपणाने, आणि तिला त्याचे दात फार स्वच्छ दिसले. “मग नाव देऊ कुणाचं? सोंग यांच्या सौजन्याने? अगं, ती सार्वजनिक विहीर आहे. कुणीही ओतावं, कुणीही उपसावं.” “आणि हे भोळेभाबडे? हे तर विहिरीत नव्हतं.” “ते विश्लेषण आहे,” तो म्हणाला. “मला सांग, इतक्या लोकांना कळलं असतं तर एकाने तरी काही म्हटलं नसतं का?” “गावाला ठाऊक होतं.” “कशावरून?” तिच्याकडे उत्तर होतं, पण ते तळव्याखाली होतं, चुन्याच्या वासात, आणि तो वास काय छापायचा? “मनाला लावून घेऊ नकोस,” गायधनी म्हणाला. “लेख गाजतोय. विद्यापीठातून दोन फोन आले.”

आयत्या बिळावर नागोबा! संध्याकाळी ती तणतणत सायबर कॅफेत शिरली, की निदान ज्ञानकोशात तरी आपलं खरं शाबूत आहे ते बघावं. पान उघडलं. तिचं वाक्य नव्हतं. कुसाबाईचं नाव नव्हतं. त्या जागी होतं : ‘एका वर्षी हे सोंग एका स्त्रीने नाचवल्याची नोंद आहे, परंतु गावकऱ्यांच्या हे लक्षात आले नाही.’ आणि पुढे छोटा आकडा, आकड्याखाली तळटीप : गायधनी, रविवारची पुरवणी. शेपटी गेली होती. संदर्भ मिळाला होता ना! मोहिनी त्या आकड्याकडे बघत राहिली. तिच्या ओळीवरून त्याने लेख पाडला, लेखावरून तिची ओळ पाडली, आणि आता हे चाक जन्मभर असंच फिरणार. उद्या कुणी मुलगी प्रबंध लिहील, ही तळटीप उतरवून घेईल. मग प्रबंध छापील, मग त्यावरून पुस्तक. करंजपाडा भोळा होता, झालं, पक्कं. तिने स्वतःचं वाक्य परत टाकलं. चहा पिऊन येईपर्यंत कुणीतरी ते काढलं होतं, कारण दिलं होतं, ‘विनासंदर्भ’. परत टाकलं. परत गेलं. त्या काढणाऱ्याचंही नाव टोपणच होतं. आणि तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात आलं, जिराफाची मान कुणी लिहिली असेल? सरोवराची खोली? आपण रोज लोकांच्या चौकटी भरतो, तिकडेही कुणाच्या फुईचं नाव पुसलं गेलं असेल का? तिने पैसे दिले आणि बाहेर पडली.

कुसाबाई नेमकी त्या आठवड्यात तिच्याच खोलीवर होती. मोतीबिंदू काढला होता. एका डोळ्यावर पट्टी, वरून काळा चष्मा, आणि पलंग सोडून खाली फरशीवर पाय पसरून बसलेली. पाय तेच. वाळे तेच, आता घोट्यात रुतलेले. मोहिनीने न सांगता भाकरी थापायला घेतली. पण भाकरी थापायचा आवाजसुद्धा माणसाचं मन सांगतो. “कोनावर एवढी चिडलीस?” फुईने विचारलं. सांगावं लागलं. “वाच की मंग,” फुई म्हणाली, “डोळ्याला पट्टी हाय, कानाला नाय.” मोहिनीने पुरवणी वाचली. वाचताना तिला धाकधूक होती ती वेगळीच. आपण नेटवर नाव लिहिलं, सोंगामागचं नाव, ही रीत मोडली. फुई काय म्हणेल? फुईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “माझं नाव हाय का त्यात?”

“नाही. एक बाई, असं आहे.”

“आन् लिवनाराचं?”

“त्याचं आहे. फोटोसकट.”

फुई हसली, खो खो हसली, पट्टी सुटेल म्हणून मोहिनी घाबरली. “म्हंजे दुसरा हिरामणच निघाला की त्यो!”

मोहिनीचा हात पिठात तसाच राहिला. “बाबांचं काय?” तिने विचारलं. “फुई, गावाला कळलं नव्हतं, असं हा म्हणतोय.” “कळलं नाय? पुंजा संबळवाला माझ्या पायाकडं बघून टिपरी मारीत व्हता. मी दमले का ठेका ढिला करायचा. कळल्याबिगर?” “मग गावाने मानलंच ना तुला!” “कोन म्हनलं?” “मी तसं लिहिलंय.” “तुला कोन म्हनलं?” “बाबा.” रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचं हिंदी गाणं लांब जाईपर्यंत दोघी ऐकत राहिल्या. “मला कवा इचारलंस, पोरी?” फुई म्हणाली. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. खरंच, कधी विचारलं? दिवाळीत लेख लिहिला, होळीला नेटवर टाकला, गायधनीशी भांडली, त्या टोपणवाल्याशी झोंबली. संदर्भ, संदर्भ करत सगळं शहर धुंडाळलं आणि संदर्भ इथे वाळे घालून बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गायधनीने विचारलं नाही ते नाहीच, पण आपण? आपल्याला वाटलं, आपण घरचे, आपल्याला काय विचारायचंय.

“आता विचारते,” मोहिनी म्हणाली. “सांग.”

“सांगू काय? पहाटं सोंग उतरवलं. तोंड धुतलं, लुगडं बदललं, चिंध्या सोडल्या. म्हनलं आता आवाज झाला तरी होऊ दे. देवळाकडं निघाले तर हिरामण कुबडी घेऊन आधीच पोचलेला. घर भोयेचं, सोंग नरसिंहाचं, नाव हिरामण. असं म्हनला. मी आंब्याखाली उभी व्हते, आईकलं. समदं गाव समोर. पुंजा व्हता. हूं का चूं नाय केलं कोनी. रातभर सोंगाला हात जोडले, आन् सकाळी बाईचं नाव आईकायची येळ आली तर समद्यांना खाली बघायला जमीन सापडली.” ती बोलताना वाळ्यावरून बोट फिरवत होती. “मी घरी आले. भाकरी केल्या. तू झोपलेली. काय करनार?”

मोहिनीला तो तळवा परत ओठावर जाणवला, चुना, तंबाखू. इतकी वर्षं तिने तो रीत म्हणून जपला होता. देवाचं नाव राखणारा हात. आणि त्याच हाताने सकाळी कुबडी धरली होती. म्हणजे गायधनीचं वाक्य खोटं, आणि तिचं वाक्यही खोटंच, फक्त गोड. गाव भोळं नव्हतं आणि गाव मोठ्या मनाचंही नव्हतं. तिला वडिलांचा राग आला आणि लगेच त्यांचा मोडका पाय आठवला, तिला शाळेत सोडायला पेठपर्यंत चालत येणारा. राग आणि ते चालणं, दोन्ही एकमेकांत मिसळेनात. “हे छापलं तर बाबांचं नाव जाईल,” ती म्हणाली. फुईने चष्मा सारखा केला. “त्यानं मला घर दिलं, भाकर दिली, त्ये लिव. माझ्या जागी सोताचं नाव लावलं, त्ये बी लिव. दोनी खरं हाय.” “आणि सोंगामागचं नाव घ्यायचं नसतं, ती रीत?” “सोंग चढलेलं आसतं तवर, येडे! आता उतरून किती वरसं झाली?”

छापील काही पाहिजे ना? मग घ्या छापील. डेस्कवर मोहिनीच्या वाट्याला जे एक पान होतं त्यात कोपऱ्यात ‘वाचक म्हणतात’ नावाचा रकाना असे. खड्डे, भारनियमन, घंटागाडी आली नाही. तो रकाना कुणी तपासत नसे, कारण तो कुणी वाचत नसे. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने फुईने सांगितलेलं, रात्री लिहून फुईला वाचून दाखवलेलं तेवढंच टंकलं, बोली तेवढी छापील केली, बाकी एक शब्द आपला घातला नाही. रोहितने पान लावता लावता वाचलं आणि हात थांबवला. “हे सरांना दाखवलंस?” “पत्रं दाखवतो का आपण कधी?” “मोहिनी, नोकरी जाईल हां.” तिला ते माहीत नव्हतं का? तिच्या घरातली पहिली खुर्ची-टेबलाची नोकरी होती ती. “खड्ड्यांचं पत्र खाली घे,” ती म्हणाली, “हे वर लाव.” रोहितने तिच्याकडे एकदा बघितलं आणि पत्र वर लावलं. भोवती चौकटही आखली, न सांगता.

बुधवारी सकाळी पेपर आला. ‘संपादकांस. करंजपाड्याला नरसिंहाचं सोंग मी नाचवलं. माझ्या भावाचा पाय मोडला होता. मी नवरा सोडून आले तेव्हा त्याने मला घर दिलं. सगळ्या गावाला ठाऊक होतं की मुखवट्यामागे मी आहे. सकाळी भावाने स्वतःचं नाव सांगितलं, आणि गाव गप्प बसलं. तुमच्या लेखात लिहिलंय की गाव भोळं होतं. गाव भोळं नव्हतं. कुसाबाई भोये. लिहून घेणार मोहिनी भोये.’ सायबर कॅफे उघडायची वाट बघत मोहिनी पायरीवर उभी होती. ज्ञानकोशाच्या पानावर तिने गायधनीचं वाक्य काढलं. मग पानातल्या बदलांच्या इतिहासातून स्वतःचं जुनं वाक्य शोधलं, ‘गावाने ते मानलं’, आणि तेही परत न आणता तसंच गाडलेलं ठेवलं. नवं लिहिलं, फुईचं, जसंच्या तसं, पुढे आकडा, आकड्याखाली तळटीप : पत्र, कुसाबाई भोये. शेवटी टोपणनाव बदललं. ‘सोंग’ पुसून तिने स्वतःचं नाव आडनावासकट टाकलं आणि काढायला येणाऱ्याची वाट बघत बसली. काढू दे. काढलं तर परत टाकीन, आणि माझ्याच नावाने टाकीन.

फुईला पट्टी बदलायला न्यायचं होतं, म्हणून ती तिला बरोबरच ऑफिसात घेऊन आली आणि बाहेरच्या बाकावर बसवलं. केबिनमध्ये गायधनी उभाच होता. पहिल्यांदाच तिने त्याला चिडलेलं बघितलं. “हे कुणी घेतलं?” “मी.” “तपासलं कुणी?” “मी.” “पुरावा काय आहे याला? मला सकाळपासून विचारतायत लोक! पुरावा?”

“छापील आहे, सर,” मोहिनी म्हणाली.

त्याचा चेहरा लाल झाला. “उद्धटपणा नको! ही बाई आहे तरी कशावरून? उद्या कुणीही उठेल आणि म्हणेल मी सोंग नाचवलं!” “हातच्या कांकणाला आरसा कशाला?” ती म्हणाली. “बाहेर बाकावर बसलीय. विचारा. मीही परवापर्यंत विचारलं नव्हतं.” गायधनी दाराकडे वळला, आणि दारातच थांबला. बाहेर येऊन विचारणं त्याला जमेना. एवढी माणसं लिहून काढली, पण बाकावर बसलेल्या माणसाला काय म्हणायचं असतं ते त्याला ठाऊक नसावं. “तुझं काय करायचं ते मालक ठरवतील,” तो मागे न बघता म्हणाला. ठरवू देत. मोहिनी त्याच्या बाजूने सरळ बाहेर आली. रोहित, जाहिरातवाले, सगळे मान वर करून बघत होते.

आवाज ऐकून कुसाबाई उठली. भिंतीला हात लावत, काळ्या चष्म्यातून कुठे तोंड करायचं याचा अंदाज घेत, ती ऑफिसच्या मधोमध आली. वाळे फरशीवर वाजले. तिने लुगड्याचा पदर सारखा केला, मान ताठ केली आणि खाली चौकातल्या ट्रकच्या हॉर्नपेक्षा वरच्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली :

“घर भोयेचं. सोंग नरसिंहाचं. नाव कुसाबाई.”

“फुई!” मोहिनी ओरडली. पाचव्या वर्षी ओरडायची होती तशी, पूर्ण तोंड उघडून. तोंडावर हात ठेवायला कुणी नव्हतं.